एका तांब्याला किती त्रिशरणं

गेल्या पावसाळ्यात मला कान्ह्याहून लोणावळ्याची लोकल गाठायची होती, आणि खोलीतून जाणारा नळाचा पाइप नेमका त्याच सकाळी तडकला. नुसता जळफळाट झाला. आई पायाला प्लास्टर घालून त्याच खोलीत खाली गादीवर पडलेली. तिच्यापायी माझ्या इतक्या सुट्ट्या झाल्या होत्या की हॉटेलच्या मॅनेजरनं बजावलं होतं, उद्या आली नाहीस तर पुन्हा येऊच नकोस.

पाणी गावच्या टाकीचं. ते सोडणारे-बंद करणारे ग्रामपंचायतीचे भाऊ कामशेतला गेलेले, फोन लागेना. पाइपला चिंध्या, सायकलची ट्यूब, हाताला लागेल ते गुंडाळलं. तरी बारीक धार राहिलीच. तिच्याखाली पिंप ओढलं. शेजारची मावशी दुपारी भाताच्या लावणीवरून परतली की उपसणार होती. त्याआधी पिंप भरून वाहिलं, तर पाणी थेट गादीखाली आणि प्लास्टर वाया.

मोबाईल हातात असला तरी आमच्या घरी वेळ मोजायची ती बुद्धवंदनेतल्या त्रिशरणावर. अंडी उकडायची तरी तसंच. सवय आईनंच लावलेली. एखादं अक्षर खाल्लं की ती पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. मी धारेखाली तांब्या धरला आणि म्हणू लागले. एक त्रिशरण संपलं, तांब्या भरला. पिंपात किती तांबे मावतात ते मला ठाऊक, रोज मीच भरते. मावशी यायच्या कितीतरी आधी पिंप वाहणार होतं.

"न्हाई जात मी," म्हणत पर्स खुंटीला अडकवली. रडू येत होतं. आईचा राग येत होता, आणि राग येतो म्हणून स्वतःची लाजही वाटत होती. बसवेना, उभं राहवेना.

"तुझं मोजायला चुकलं," आई म्हणाली. "लय रेंगाळून म्हनलंस. धर तांब्या, मी म्हनते."

मी तांब्या रिकामा करून पुन्हा धरला. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं. इतक्या भरभर म्हणताना मी तिला जन्मात ऐकलं नव्हतं. अक्षरं गिळत, श्वास न घेता, एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा. तेव्हा कुठं तांब्या भरला.

"बघ, तीनदा झालं," ती धापा टाकत म्हणाली. "मावशी येस्तवर पिंप न्हाई भरत. जा तू."