वसंताचा न लिहिलेला हुकूम

भुतंखेतं, करणी, स्वप्नातले संकेत — असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलोय आणि आजही हसतो. तेव्हा हे वाचून मला कुणी गंडे-ताईत सुचवू नयेत. जे झालं ते सांगतो, बस्स.

साठच्या दशकाचा उत्तरार्ध. अमरावतीला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात मी आणि वसंता, दोघं इंजिनिअर. वरूडकडच्या एका नाल्यावर मातीचं धरण व्हायचं होतं. जादा पाणी निघून जायला सांडवा किती रुंद ठेवायचा, हे गणित मुंबईच्या कॉम्प्युटरवर करायचं ठरलं. धरणाच्या खाली वसंताचंच गाव... त्याची माय तिथंच राहायची.

प्रोग्राम दोघांचा. अवघड गणित माझं — कंपाइल करून, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवून, पक्कं केलेलं. त्यावर वसंताची हुकमांची, भोकं पाडलेली कार्डं. मशीन एकेक कार्ड वाचणार आणि माझ्या भागाकडून तेवढं काम करून घेणार. हुकूमही पठ्ठ्यानं आपल्याच बोलीतले ठेवले, इंग्रजी अक्षरांत — 'मोज', 'लिही'.

"पाऊस बदलला का दरखेपी सारं नव्यानं कंपाइल कराचं? काहून? कार्ड बदल ना बाप्पा!" तो म्हणायचा. पाऊस दुप्पट धरून पाहायला त्याला 'दुप्पट' असाही एक हुकूम हवा होता. पण मशीनला नवा शब्द कळायचा तर तो आधी माझ्या भागात घालावा लागे. पुढच्या खेपेला घालू, असं ठरलं. त्याआधीच मेळघाटात कामावर असताना तो तापानं गेला. जिवाभावाचा माणूस हो... फार रडलो मी.

मुंबईला एकटाच गेलो. भरदुपारी, ऑपरेटरसमोर कार्डं लावली. वाचलेला प्रत्येक हुकूम मशीन कागदावर छापायचं. मोज. लिही. आणि मग... दुप्पट! खाली आकडे — पाऊस दुप्पट, पाणी धरणाच्या माथ्यावरून.

सगळी कार्डं उलटीपालटी केली. तसं कार्डच नव्हतं! असतं तरी 'हा शब्द कळत नाही' म्हणून मशीननं थांबायला हवं होतं — तो भाग मीच लिहिलेला, मला तोंडपाठ. पुन्हा चालवलं, तर दुप्पट नाही अन् काही नाही. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीन ठणठणीत आहे."

अमरावतीला परतून सगळं सांगितलं, सांडवा रुंद करा म्हणालो, तसे मोठे साहेब भडकले. "मशीनले भूत लागलं म्हून सांडवा वाढवू का मी?"

"भूत गेलं खड्ड्यात, साहेब! दुप्पट पावसाचं गणित मी हातानं केलंय. गाव वाहून जाते. तुमीच तपासा."

त्यांनी तपासलं, चरफडले आणि सही केली.

धरण झालं. दुसऱ्याच पावसाळ्यात असा काही पाऊस कोसळला की विचारू नका... सगळं पाणी सांडव्यातून निघून गेलं. गाव राहिलं.

मी धावत पाहायला गेलो. वसंताची माय दारातच भेटली. माझा हात धरून म्हणाली, "येवढा रुंद सांडवा कराले तुले कोनं सांगतलं रे?"

गणित माझं, साहेबांशी भांडण माझं. हक्कानं 'मीच' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "वसंतानं, माय."

ती हमसून हमसून रडली. मी तिच्याशी खोटं बोललो का खरं, हे मला अजूनही सांगता येत नाही.