यादीतली बारावी जागा

जाझ हे स्वातंत्र्याचं संगीत आहे. आमच्या मंडळाचे यजमान हे वाक्य दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला उच्चारत, आणि त्यानंतर रेकॉर्ड चालू असताना कोणी खोकलं तर त्याला नियम क्रमांक चारची आठवण करून देत.

यजमान मुलुंडचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या दिवाणखान्यात सोफा माणसांच्या नव्हे, स्पीकरच्या सोयीने मांडलेला असे. आम्ही चौघं होतो. ते, घाटकोपरचा एक दंतवैद्य, कांदिवलीहून दोन बसगाड्या बदलून येणारा मी, आणि गोराईहून बोटीने खाडी ओलांडून येणारे एक अबोल गणिताचे मास्तर. प्रत्येकाने एक आवडती मैफल आणायची, म्हणजे प्रेक्षकांसमोर वाजवताना केलेलं ध्वनिमुद्रण, आणि एक नवा अल्बम. कव्हर आधी दाखवायचं नाही. ऐकायचं, मत द्यायचं, मग नाव सांगायचं. नावाला भुलून दाद द्यायची नाही, हा आमचा अभिमान होता. डिसेंबरात आम्ही बारा उत्तम मैफलींची यादी करत असू. ती टाइप करण्याचं काम माझं. कोणी मागितली नसतानाही आम्ही ती बऱ्याच लोकांना पाठवायचो.

त्या डिसेंबरात अकरा जागा भरल्या होत्या. मास्तरांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि यजमानांच्या हातात दिला.

सात-आठ मिनिटांचं ट्रम्पेट होतं. संथ, घाई नसलेलं. मागे ग्लासांची किणकिण, कोणीतरी खुर्ची ओढल्याचा आवाज. यजमान सगळंच डोळे मिटून ऐकतात, पण या वेळी त्यांचा हलणारा पायही थांबला. चहाला कोणी हात लावला नाही.

"युरोप," संपल्यावर यजमान म्हणाले. "तळघरातला छोटा क्लब. ग्लास ऐकलेत? जाड काच. हा आवाज आपल्याकडे येत नाही."

"साहेब, तुम्ही काचेवरून देश ओळखता? मला दातांवरून वय ओळखताना घाम फुटतो," दंतवैद्य म्हणाला. "पण वाजवलंय झकास. बारावी जागा, लिही रे."

मी लिहिलं. "कुठे थांबायचं ते या माणसाला कळतं," असंही म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

मास्तर थोडे हसले. "युरोप नाही, गोराई. चर्चच्या मागचा हॉल. लग्न होतं. वाजवतोय तो माझा मोठा भाऊ."

भाऊ गोदीत फिटर होता आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. एका पाहुण्याने सहज टेप केलेलं हे एवढंच मागे राहिलं होतं. "त्याचं नाव कधी कुठे छापून आलं नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या यादीत आलं तर वहिनीला दाखवीन."

मग यजमानांनी डोळे उघडले. "मला मध्येच वाटलं होतं, सूर जरा उतरतोय म्हणून."

"लग्नात तसंच असतं ना यार," दंतवैद्य म्हणाला. "लोकांचं लक्ष जेवणावर."

यजमानांना मग एक नियम आठवला. यादीत फक्त प्रकाशित ध्वनिमुद्रणं घ्यायची. असा नियम नव्हता. नियम सहाच होते. "सातवा घाल," ते मला म्हणाले. मी घातला आणि बाराव्या ओळीवर रेघ मारली.

मास्तरांनी त्या दोघांकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "पाच मिनिटांपूर्वी युरोप होता ना रे?"

"नियम आहे," मी म्हणालो.

"कधीपासून?"

मी पेनाला टोपण लावलं. त्यांनी पेन ड्राइव्ह काढून घेतला, गार झालेला चहा उभ्याउभ्या संपवला आणि बोट चुकेल म्हणून निघाले. बोटी संध्याकाळपर्यंत असतात. आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं.

ते पुन्हा आले नाहीत. जानेवारीत मी एकदा फोन केला. त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, बायकोची केली, यादीचा विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर व्हिजिटिंग कार्ड बघून वाकणाऱ्या माणसांना हसत आलो. त्या रविवारी मला कोणी वाकायलाही सांगितलं नव्हतं. पेन माझ्याच हातात होतं. ही दोन तासांची बैठक गेली तर उपनगरात आपल्याशी जाझवर बोलणारं दुसरं कोण उरेल, एवढीच भीती होती. आता तिथे आम्ही तिघं असतो आणि फारसं बोलत नाही.

यादी मात्र वेळेवर गेली. रिकाम्या बाराव्या जागेवर यजमानांनी स्वतःचा नवा शोध सुचवला, परदेशातून मागवलेली, एका नामांकित वादकाची मैफल. या वेळी कव्हर आधीच हातोहात फिरलं होतं. मत एकमताने पडलं. मी टाइप केलं.

गेल्या महिन्यात ते कव्हर मी उलटून पाहिलं. मागे बारीक अक्षरांत लिहिलं आहे की ध्वनिमुद्रण स्टुडिओत झालं असून टाळ्या नंतर मिसळल्या आहेत.