गोधडीतलं खोबरं

योगिनी, तुझ्यावर लिहिणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "काकू, माझ्यात काय आहे लिहिण्यासारखं?" आहे. मध्ये बोलू नकोस, वाच.

डोंबिवलीत आमच्याच मजल्यावर राहणारी योगिनी विमानतळावर प्रवाशांच्या बॅगा मशीनमधून तपासते. सवय अशी जडली आहे, की घरी पाहुणा आला तरी तिची नजर आधी पिशवीवर, मग पाहुण्यावर. नवरा सुमित म्हणतो, "मलाही असंच तपासलेलं. काही सापडलं नाही म्हणून हो म्हणाली."

तिच्या सासूबाई, शालूताई, पहिल्यांदाच विमानाने निघाल्या. बंगळुरूला, लेकीच्या, ऐश्वर्याच्या बाळंतपणाला. डिंकाच्या लाडवांना खोबरं गावच्या घरचंच हवं. तिकडचं खोबरं त्यांच्या लेखी खोबरंच नव्हे. योगिनीने बजावलं, "आई, सुकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत. तेलकट असतं, पेट घेतं." शालूताई "बरं" म्हणाल्या. त्यांच्या "बरं"चा अर्थ अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे, सुनेला तेवढा अजून नाही.

त्या दिवशी मशीनच्या पडद्यापुढे नेमकी योगिनीच. एक पिशवी सरकत आली. पडद्यावर एकात एक बसवलेले नारिंगी अर्धगोल दिसले, भोवती काहीतरी घट्ट गुंडाळलेलं. तिने पट्टा थांबवून मान वर केली. समोर सासूबाई, चेहरा देवळात आल्यासारखा.

ड्युटीवरचा तिचा जोडीदार हर्षित कुजबुजला, "अगं, तुझी सासू ना? खोबरंच तर आहे. जाऊ दे ना यार."

क्षणभर तिलाही तेच वाटलं. सोडलं तर कोणाला कळणार होतं? अडवलं तर घरात वर्षभर भांडी आपटणार. पण विमानाचं वाईट करायला निघालेला काही कपाळावर लिहून येत नाही. तो एखाद्या भोळ्या म्हातारीच्याच पिशवीत काहीतरी सरकवेल. रोज परक्या आज्यांना पिशव्या उघडायला लावायच्या आणि आपल्या घरची आजी आली की डोळे मिटायचे?

"माझी सासू आहे, म्हणून तूच उघड," ती हर्षितला म्हणाली. "आणि नीट उघड."

बाळाच्या गोधडीतून खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या.

"अहो आई, सांगितलं होतं ना?"

"मशीनवर तूच बसणार, हे कुठे सांगितलंस?" शालूताई रांगेकडे वळल्या. "बघा हो, स्वतःची सून!"

"आई, हे इथेच टाकावं लागेल."

"टाकतेस कसली? घरी घेऊन जा."

"इथलं काही मला नेता येत नाही."

"मग तुझा उपयोग काय गं?"

विमानाला वेळ होता, म्हणून बरं. शालूताई तणतणत पुन्हा दारापर्यंत गेल्या आणि बाहेर थांबलेल्या सुमितच्या हातात वाट्या कोंबून आल्या. जाताना सुनेकडे पाहिलंही नाही. योगिनीने मान खाली घातली आणि पुढची पिशवी घेतली.

बंगळुरूला उतरल्यावर शालूताईंनी सुनेला नाही, मला फोन केला. "चारचौघांत माझं खोबरं काढलं गं कार्टीने!" मग आवाज खाली आला. "पण एक सांगू? विमान उडताना शेजारची बाई मुठी आवळून बसलेली. मी मात्र गाढ झोपले. म्हटलं, जिने मला सोडलं नाही, ती दुसऱ्या कोणाला काय सोडणार! तिला मात्र सांगू नकोस हं."

सांगितलं नाही. लिहिलं.

आता तुझं काम. सुमितने घरी नेलेल्या त्या वाट्या तू माझ्याकडे आणून द्यायच्या होत्यास. ठाण्याच्या बाळकुममधल्या माझ्या ओळखीच्या सहदेवचा ट्रक बंगळुरूला जातो, त्याला मी सांगूनही ठेवलं होतं. ऐश्वर्याच्या बाळाला दात आले, वाट्या काही आल्या नाहीत. मध्यंतरी तुमच्या आमटीला वास मात्र फार छान येत होता.