सहा टाक्यांच्या टोप्या

सोमवार, १० फेब्रुवारी. थंडी. दूध एक लिटर. सकाळी सव्वासहाला हॉलमध्ये धप्प आवाज. म्हातारा टाकीबाहेर, फरशीवर. ओल्या फडक्यात उचलून परत पाण्यात सोडला. डाव्या अंगाचे खवले गेले. अकराच्या सुमारास पोहू लागला. टाकीभोवती जुनी रजई अंथरली. उजवा गुडघा दुखतो.

वहिनींच्या डायरीत कुठलाही दिवस यापेक्षा फारसा लांब नसे. म्हातारा म्हणजे अकरा वर्षांचा, तळहाताएवढा मासा. फरशीवर पडलेल्या माशाकडे बघून छातीत काय झालं, ते त्यांनी लिहिलं नाही. तशी सवयच नव्हती. शाळेत सिस्टर श्रुतलेखन घ्यायच्या तेव्हा बजावायच्या, "कानानं ऐकलं ते हातानं लिहायचं. डोकं मध्ये घालायचं नाही." खोडरबर वर्गात आणायला बंदी. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी, आणि शेजारी बरोबर शब्द. वहिनी त्याच वळणाने चोपन्न वर्षं लिहीत आल्या. गल्लीत कुणाचं बाळ किती वाजता झालं, कुणाच्या घराचा पाया कधी खणला, यावर वाद झाला की लोक वहिनींकडे यायचे. डायरी बोलली की वाद मिटायचा.

वहिनी त्या सगळ्यांच्या, कारण त्यांचे यजमान सगळ्यांचे मीटरभाऊ. एकतीस वर्षं ते घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचत हिंडले. जिने चढले, कुत्री अंगावर घेतली, अंधाऱ्या कोपऱ्यांत बॅटरी मारून आकडे टिपले. आकडा दिसला की मागचा वजा, हे त्यांच्या रक्तात भिनलेलं. तोंडात शब्द एकच, रीडिंग. वहिनींना ताप आला तरी विचारायचे, "रीडिंग किती?" वजनकाट्यावर उभे राहिले तरी रीडिंगच.

निवृत्त झाल्यावर त्यांना माशांचा नाद लागला. आधी स्वतःची टाकी आणली, मग ओळखीच्या पाच घरांना त्याच काचवाल्याकडून हुबेहूब तशाच टाक्या घ्यायला लावल्या. हे टाकीवाले महिन्यातून एकदा जमायचे. उघड्या टाकीतून मासे उडी मारतात हे सगळ्यांचंच दुखणं, म्हणून गेल्या वर्षी भाऊंनी ठरवलं की एका रविवारी सगळ्यांनी मिळून सहा टाक्यांना लाकडाच्या टोप्या करायच्या. वर झाकण, आत दिवा, पुढून खाणं टाकायला फट.

त्यासाठी ऑगस्टमध्ये ते वहिनींना घेऊन सहाही घरी गेले. टाकी मोजायची, टोपीची बाजू किती हवी ते ठरवायचं, टेप फळीसारखी हवेत ताणून धरायची. टेपचं टोक त्यांच्या अंगठ्याखाली असायचं आणि दुसऱ्या बाजूला वहिनी डायरी उघडून उभ्या. "लिही, रीडिंग नव्वद. आखूड बाजू, रीडिंग पंचेचाळीस." वहिनींनी लिहिलं. सहा घरी सहा वेळा तेच.

सप्टेंबरात टोप्यांच्या चार बाजूंसाठी फळ्या आल्या. सहा, प्रत्येक दोनशे चाळीस सेंटिमीटरची. वहिनींनी उभ्याउभ्या बेरीज केली. दोन नव्वद, दोन पंचेचाळीस, दोनशे सत्तर. एका फळीत एक टोपी बसत नव्हती.

"अहो, या पाचांनाच पुरतील."

"सहांना पुरतील," भाऊ म्हणाले. "एका टाकीला एक फळी."

"डायरीत बघा ना."

भाऊंनी डायरीत बघितलं आणि हसले. "तू रीडिंग लिहिलंयस. ते वापर नाही."

वहिनींनी डायरी परत घेतली. आदल्याच आठवड्यात चपला फ्रिजमध्ये सापडल्या होत्या. मुलाला दोनदा धाकट्या काकाच्या नावाने हाक मारून झाली होती. आणि आता फळ्यांना ते विजेचा मीटर समजत होते. त्या रात्रीच्या पानावर वहिनींनी लिहिलं, "सहा फळ्या आल्या. पाचांना पुरतील. हे म्हणतात, रीडिंग आहे, वापर नाही. हल्ली हिशेब चुकतो."

डॉक्टरांसमोर मुलाने तेच पान वाचून दाखवलं. डॉक्टरांनी मान डोलावली. त्यानंतर भाऊंकडून घराच्या किल्ल्या काढून घेतल्या, बँकेचं सगळं मुलाने हातात घेतलं. भाऊंनी विरोध केला नाही. बायकोकडे एकदा बघितलं, एवढंच. नोव्हेंबरात ते गेले. फळ्या मागच्या शेडमध्ये सुतळीने बांधलेल्या तशाच राहिल्या, आणि वहिनी शेडमध्ये जाईनाशा झाल्या. त्या पानाने नवऱ्याचा शहाणपणा काढून घेतला होता. फळ्या बांधलेल्या असेपर्यंत ते पान खरं की खोटं हे कुणाला कळणार नव्हतं. सुटल्या की कळणार होतं. पान खरं ठरावं अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती, आणि खोटं ठरलं तर काय करायचं हेही ठाऊक नव्हतं.

म्हाताऱ्याने उडी मारली आणि विषय निघालाच. टेलरमावशींना कळलं. त्या टाकीवाल्यांतल्या सर्वांत जुन्या, आणि जीभ कात्रीसारखी.

"वहिनी, रजई अंथरून किती दिवस काढणार? माशाला काय झोपवायचंय? भाऊंनी ठरवलं होतं, करून टाकू. मिस्त्रींना मी सांगते."

"घाई काय आहे?"

"घाई तुम्हाला नाही, माशाला आहे."

मग वहिनींनी यादी केली. करवत, रंधा, गुण्या, लाकडाचा गोंद, स्क्रू, काचकागद, कुणी काय आणायचं, कुणी किती वाजता यायचं. दिवस ठरला, रविवार, नऊ मार्च.

नऊला सगळे मागच्या अंगणात जमले. मिस्त्री गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले, कमी बोलणारे, कानामागे पेन्सिल. त्यांचीही टाकी सहांतली एक. चष्म्याच्या दुकानाचा मालक बाहीला घड्या घालून आला, तो सगळ्यांचा चष्मेवाला. आणखी दोन घरची माणसं काचकागद घेऊन पायरीवर बसली. वहिनींचा मुलगाही आला होता. बापाच्या शेडचं कुलूप त्याने उघडलं आणि क्षणभर दारातच थांबला.

"चला, आज सगळे एकमेकांना टोप्या घालू," चष्मेवाला म्हणाला.

"तू तर रोजच घालतोस," टेलरमावशी म्हणाल्या. "माझा हा चष्मा बघ. सुई दिसत नाही ती नाहीच."

"मावशी, सुई दिसायला आधी सुईकडे बघावं लागतं."

हशा पिकला. वहिनींनी चहाचे कप मोजून ट्रेमध्ये ठेवले.

मिस्त्रींनी सुतळी कापली, फळ्या मांडल्या. "मापं वाचा, वहिनी."

"आत टाकी आहे, टेप लावून बघायची का?" मुलाने विचारलं.

"वहिनींच्या डायरीत आहे ना? मग माझी टेप चुकेल, ती नाही." मिस्त्रींनी मापं ऐकली आणि फळीच्याच कडेला पेन्सिलीने आकडेमोड केली. पुन्हा केली. मग पेन्सिल कानामागे गेली. "पाचच होतात."

भाऊ सहा म्हणाले होते हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटी शेवटी त्यांचं काय झालं होतं हेही माहीत होतं.

"असू दे हो," टेलरमावशी हळू आवाजात म्हणाल्या. "आजारी माणूस. चुकतं."

वहिनींना वाटलं, झालं. पान खरंच होतं. "आमची राहू दे," त्या म्हणाल्या. "बाकीच्या पाच करा."

"आई, मासा तर आपलाच उडी मारतोय."

"रजई आहे."

मिस्त्रींनी पहिली फळी कापली. दोन तुकडे नव्वदचे, एक पंचेचाळीसचा. उरलेला पंधराचा तुकडा बाजूला सारला. दुसरी फळी ठेवली. "पुन्हा वाचा. एकदा ऐकून कापायचं नसतं."

वहिनींनी डायरी डोळ्यांजवळ धरली आणि लिहिलं होतं ते जसंच्या तसं वाचलं. "रीडिंग नव्वद. आखूड बाजू, रीडिंग पंचेचाळीस."

"रीडिंग?" चष्मेवाला हसला. "मग मागच्या महिन्याचं वजा करा की!"

पायरीवरची माणसं हसली. वहिनी हसल्या नाहीत. डायरी तशीच उघडी धरून त्या शेडमध्ये गेल्या. खिळ्याला भाऊंची पिवळी टेप लटकत होती. त्यांनी तिचं टोक ओढलं. टोकाला आकडी नव्हती. पत्रा कात्रीने सरळ कापलेला होता आणि कडेशी, बरोबर कडेशी, दहाचा आकडा होता.

"अरे," त्यांनी मुलाला हाक मारली. तो आला. त्याने टेप हातात घेतली, पुढे-मागे केली.

"टोक मुरगळलं असेल म्हणून कापली," तो म्हणाला. "आई, हिला दहाच्या आधी काही नाहीच."

तो टेप घेऊन तसाच हॉलमध्ये गेला. वहिनींना आतून त्याचा आवाज ऐकू आला. "हिच्यावर नव्वद दिसतं." मग बाहेर येऊन त्याने मिस्त्रींची टेप मागितली, पुन्हा आत गेला आणि दारात येऊन उभा राहिला. "ऐंशी. आणि पस्तीस."

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढली. ऐंशी, ऐंशी, पस्तीस, पस्तीस. दोनशे तीस. "एका टाकीला एक फळी," ते स्वतःशीच म्हणाले. "करवतीला जाऊन वर बोटभर उरतं."

मुलगा आईजवळ आला. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलला. "बाबा तुला म्हणाले होते ना काहीतरी? वापराचं?"

"म्हणाले होते."

"मग?"

"मी लिहिलं. ऐकलं तसं लिहिलं." वहिनींनी डायरी मिटली. "विचारलं नाही."

डॉक्टरांसमोर पान त्यानेच वाचलं होतं.

भाऊंना हे सांगण्यासारखं वाटलंच नसणार. जन्मभर वजाबाकी करणाऱ्या माणसाला दहा कमी करणं म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतकं. आणि जेव्हा सांगितलं तेव्हा आपल्याच भाषेत सांगितलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोला ती भाषा येते असं ते धरून चालले होते.

मिस्त्री अजून फळीकडेच बघत होते. "सहा झाल्या असत्या. पण पहिली मी कापून बसलोय. तिच्यात लांब दोन्ही निघतात, आखूड एकच. एक पस्तीस कमी पडतं."

"ती आमची धरा," वहिनी म्हणाल्या.

"तुमच्या डायरीवर मी कापली, तर माझी धरा."

"माझ्या डायरीवर कापली, म्हणूनच आमची."

मिस्त्रींनी तिन्ही तुकडे बरोबर मापाला कापले. प्रत्येकातून दहा-दहाचा ठोकळा निघाला. ते तीन आणि मघाचा पंधराचा तुकडा त्यांनी जमिनीवर ओळीने ठेवले आणि चवड्यावर बसून बराच वेळ बघत राहिले. मग पंधरातून लागेल तेवढं कापून घेतलं. "तीन दहा आणि वर हे. मागून प्लायची पट्टी मारली की धरेल. सांधे दिसतील मात्र."

"दिसू देत," वहिनी म्हणाल्या.

दिवसभर काम चाललं. चष्मेवाल्याने बोटाला गोंद लावून घेतला आणि कपासकट हात उचलला, त्यावरून मावशींनी त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. मुलाने बापाचा रंधा मागितला, पहिल्यांदा उलटा धरला, मिस्त्रींनी मनगट धरून सरळ केला. वहिनी पायरीवर बसून काचकागद घासत राहिल्या. सांधलेली बाजू त्यांनी कुणाच्या हातात दिली नाही.

चारला एकेक टोपी आपापल्या घरी गेली. कुणी रिक्षात घातली, कुणी डोक्यावर घेतली. निघताना टेलरमावशी दारात थांबल्या. "वहिनी, मी मघाशी बोलले, आजारी माणूस वगैरे…"

"मीही तेच लिहिलं होतं," वहिनी म्हणाल्या.

मुलाने आणि मिस्त्रींनी त्यांची टोपी हॉलमध्ये नेली आणि टाकीवर अलगद बसवली. नीट बसली, कुठे डुगडुगली नाही. मिस्त्रींना सांधलेली बाजू भिंतीकडे फिरवायची होती, वहिनींनी ती खिडकीकडे ठेवायला लावली, जिथून त्या रोज सकाळी बघत. दिवा लागला. म्हातारा खाली गवतात शिरला, थोड्या वेळाने बाहेर आला.

दिवेलागणीला वहिनींनी कपाटातून मागच्या वर्षीची डायरी काढली. शनिवार, १४ सप्टेंबर. शेवटच्या तीन शब्दांवर त्यांनी एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, "पुरल्या." आणखी लिहायला जागा होती. पेन बराच वेळ तिथेच धरलेलं राहिलं, मग त्यांनी डायरी परत जागेवर ठेवली आणि यंदाची उघडली.

रविवार, ९ मार्च. ऊन. दूध एक लिटर. सहा टोप्या झाल्या. मुलगा जेवून गेला. टाकीभोवतीची रजई काढली. एका कोपऱ्याला ओल आहे, उद्या उन्हात टाकणे.