पुठ्ठ्यावरचा ससा

वर्ध्याच्या फलाटावर बाबा मले म्हणे, "पाठ सरळ ठेवजो. घरात एकाची वाकली तेवढी पुरे."

बाबा वर्ध्याजवळच्या देवळीत खत-औषधाच्या दुकानात हमाल. ट्रक आला की खोके उतरवाचे अन् गोदामात थप्पी लावाची. मी चाललो होतो गुजरातले, अंकलेश्वरले, देशातल्या नावाजलेल्या केमिकल कंपनीत. टीव्हीवर जाहिरात येते तिची. माय म्हणे, "मशीनवर बसशीन ना रे?" म्या म्हटलं, "बसीन ना, खुर्ची देतात." गाडी हलली तं मी ऐटीत हात हालवत राह्यलो, अन् पिशवी फलाटावरच. बाबानं ती पोत्यासारखी पाठीवर घेतली, पळत आले, खिडकीतून कोंबली.

कंपनी मोठी, पण आमचं ठेकेदाराचं फाटक मांगच्या बाजूनं. मी चौथी नापास, तेही दोनदा. मले काम भेटलं ट्रकमंदी खोके भराचं. बापाचं काम नको म्हणून एवढ्या दूर आलो अन् बापाचंच काम हाती आलं, वरून पिवळं हेल्मेट. घरी फोनवर सांगतलं, "मशीन लय मोठी हाय." खोटं नवतं. भिंतीच्या पलीकडं होतीच ना.

इथं मोठमोठ्या कंपन्या एका लाइनीत. पाट्या इंग्रजीत, म्हणून मी वासानं ओळखतो. सडक्या अंड्याचा वास आला की डावीकडं वळाचं, नखं रंगवाच्या पॉलिशचा आला की आपली. एकदा सर्दी झाली, तं दुसऱ्याच कंपनीच्या फाटकावर अर्धा घंटा उभा होतो.

खोलीत आमी सहा जण. कोणी बिहारचा, कोणी ओडिशाचा. देवळीच्या पानठेल्यावर माह्या गमतीवर लोकं पोट धरून हासत. इथं तीच गंमत हिंदीत सांगतो तं समोरचा म्हणते, "फिर क्या हुआ?" आपल्या बोलीत शिवी देणाराही कोणी नाई. मंग दाढी करताना आरशालेच म्हणतो, "काय बे, जेवला काय?"

बाबाचा फोन मोठा नसे. "जेवला?" "जेवलो." "ठेव मंग."

देवळीत हमालायची एक रीत हाय. ज्यानं थप्पी लावली तो वरच्या खोक्यावर कोळशानं आपली खूण काढते. बाबाले लिहिता येत नाई, त्यायची खूण ससा. एक गोल अन् दोन कान. लहानपणी तो मीच काढून देत होतो. माह्या सशाचा एक कान नेहमी लोंबे.

एक दिवस सुपरवायझर वरडला, "वर्धा की गाडी लगाओ!" वर्धा ऐकलं अन् मी सगळ्यायच्या आंधी गाडीपाशी पोचलो. बाबाच्या दुकानात त्याच गाडीनं आमच्याच कंपनीचं फवारणीचं औषध येते, ठाऊक होतं. शेवटच्या खोक्यावर मार्करनं ससा काढला. कान लोंबता. बाबाले माही याद येईन, एवढंच डोक्यात.

पाच-सहा दिवसानं फोन आला. "जेवला?" "जेवलो."

बाबा "ठेव" म्हणे ना. मंग हळूच म्हणे, "खोकं उचलताना गुडघे वाकवत जाजो. कमरेवर भार घेऊ नको."

माहे कान तापले. मशीनवाला माणूस खुर्चीवरून उठून खोक्यावर खूण काढाले येते काय? खूण तं हमालच काढते. आपल्याच हातानं आपली चुगली करून, वरून ती ट्रकमंदी चढवून पाठवली म्या!

"बाबा, मी तुमाले..."

"पाठ सरळ हाय ना?"

"हाय."

"ठेव मंग. मायले मी मशीनच सांगतो."

तवापासून वर्ध्याच्या गाडीत सगळ्यात हलकं खोकं मी शेवटी, दाराशी ठेवतो. बाबाच्या हाती पह्यलं तेच लागते. ट्रक पोचला की फोन येते, "ससा आला." अन् कट.

आता फवारणी सरली. तिकडं गाडी नाई, फोन बी कमी. मांगच्या हप्त्यात पंजाबच्या गाडीवर हात सवयीनं चालला अन् ससा निघून गेला. तथचा हमाल डोस्कं खाजवत असंन, हा ससा कोणाचा म्हणून. खाजवू दे बिचाऱ्याले.

कोणी इचारलं घर कुठं, तं मी देवळीच सांगतो. पण पावसाळ्यापासून दिवाळीपावतर माहं घर असते त्या ट्रकच्या मांगच्या फळीपाशी, जथं मी खोकं ठेवतो अन् बाबा उचलते. बाकीचे महिने मी नुसता इथं राह्यतो.