ज्वारीच्या कोठीतला बेस

मी नांदेडात दात काढतो आणि माझा जुना जोडीदार निलंग्यात साड्या विकतो. आम्ही दोघं एकेकाळी मराठवाड्यातले पहिले ड्रम अँड बेसचे डीजे होतो. हे मी शक्यतो खुर्चीतल्या पेशंटलाच सांगतो, कारण त्याचा जबडा आधीच उघडा असतो आणि त्याला हसता येत नाही.

ज्यांना हे संगीत माहीत नाही, म्हणजे नांदेड-लातुरातले जवळजवळ सगळेच, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. वर ड्रम इतके भरभर वाजतात की पत्र्यावर शेंगा ओतल्याचा भास व्हावा. खाली बेस असतो, जाड आणि संथ. तो कानाला कमी ऐकू येतो आणि पोटात जास्त कळतो. आम्हाला हे कळलं ते माझ्या जोडीदाराच्या मावसभावामुळे. तो बेंगळुरूला इंजिनिअरिंगला होता आणि दिवाळीत त्यानं एक सीडी आणली होती. आम्ही दोघं निलंग्याहून लातूरला येऊन बारावीच्या क्लाससाठी एका खोलीत राहत होतो. डॉक्टर व्हायला कम्प्युटर लागतो, असं सांगून जोडीदारानं वडिलांच्या कापडदुकानातून एक कम्प्युटर उपटला होता. त्यावर त्यानं गाणी बनवायचं सॉफ्टवेअर कुठूनतरी पैदा केलं आणि आमची वैद्यकीय प्रवेशाची तयारी तिथेच आटोपली.

ड्रम कम्प्युटरच्या डबड्या स्पीकरवरही वाजायचे, बेस मात्र वाजेना. जोडीदारानं एका बँडवाल्याचा जुना भला मोठा स्पीकर मिळवला. त्याला खोकं नव्हतं. खोक्याची जागा आमच्या खोलीतल्या ज्वारीच्या कोठीनं घेतली. ही पत्र्याची कोठी घरमालकीण काकूंची. ती इतकी मोठी होती की दाराची चौकट बसवायच्या आधीच आत ठेवलेली, त्यामुळे भाडेकरूसोबत कोठी आणि कोठीसोबत भाडेकरू असा तो मामला होता. त्या वर्षी ती रिकामी होती. आम्ही तिच्या तोंडावर स्पीकर पालथा घातला.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. किल्लारीजवळच्या एका गावात त्यांचं माहेर होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचे आई-वडील आणि भाऊ एकाच मातीच्या माळवदाखाली गेले. काकू लातुरात होत्या म्हणून वाचल्या. नंतर काकांनी, नको इतकं लोखंड घालून, हे स्लॅबचं घर बांधलं. पुढे काका आजारपणात गेले, आणि काकू त्या घरात एक दिवसही राहिल्या नाहीत. अंगणात पत्र्याची खोली टाकून तिथे राहायच्या आणि घर क्लासच्या पोरांना भाड्यानं द्यायच्या. त्यांचा हिशेब साधा होता. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, स्लॅब पडला तर माणूस जातं. आमच्या डोक्यावर स्लॅब पडला तर काय, हे मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही तरणे आहात, पळाल.

गल्लीचीही तीच तऱ्हा. भूकंपाला दहा वर्षं होऊन गेली होती, तरी घरोघरी फळीवर स्टीलच्या पेल्यांची उतरंड रचलेली असायची. जमीन हलली की पेले पडणार, आवाज होणार, माणसं बाहेर पळणार. मांजरामुळेही माणसं अधूनमधून पळायची, पण मांजराला त्याबद्दल कुणी बोलत नसे.

आम्ही पहिल्यांदा बेस सोडला तो रविवारी, दुपारच्या टेस्टनंतर. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग कोठी घुमायला लागली, खिडकीची तावदानं बोलायला लागली आणि गल्लीभर पेले कोसळल्याचा आवाज आला. क्षणात सगळी गल्ली रस्त्यावर. अर्ध्या गालावर साबण लावलेले एक मास्तर, हातात उलथनं घेतलेल्या बाई, समोरच्या केमिस्ट्रीच्या क्लासची अख्खी बॅच आणि त्यांच्यामागे खडूसकट सर. आणि त्या सगळ्यांच्या पुढे आम्ही दोघं. होय, आम्हीच. जमीन हलतेय म्हटल्यावर आम्हीही जीव खाऊन पळालो होतो. आपलंच गाणं आहे हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि लातूर आम्हाला हुशार पोरांचं गाव म्हणून ओळखत होतं.

सगळे मोकळ्या प्लॉटवर उभे. जमीन थांबेना. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, एवढा वेळ चाललेला भूकंप मी वाचलेला नाही. तेवढ्यात अंगणातल्या लिंबाला हात टेकून उभ्या असलेल्या काकूंनी मान वळवली. "तुमच्या खोलीतून येतंय ते," त्या म्हणाल्या.

त्यानंतर जे बोलणं खाल्लं ते मी इथे लिहीत नाही. त्यात आमच्या अकलेचा, आमच्या आई-बापांच्या फिकिरीचा आणि निलंग्याच्या एकूण संस्कारांचा उल्लेख होता. मास्तरांनी तर आम्हाला उरलेल्या साबणासकट शिव्या घातल्या. आता खोली जाणार, असं वाटून मी पुस्तकं बांधायलाही घेतली. पण काकूंनी फक्त एक अट घातली. वाजवायच्या आधी सांगायचं.

मग तसा रिवाजच पडला. तालमीआधी जोडीदार गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत जायचा, "काकू, बेस येतोय. मावशी, बेस येतोय." बायका उतरंडीवर हात धरायच्या. केमिस्ट्रीचे सर पाच मिनिटांची सुट्टी द्यायचे. कचऱ्याची गाडी, दूधवाला आणि बेस, असं गल्लीचं वेळापत्रक बसलं. महिन्याभरात कुणी पळेनासं झालं. पेले पडले की आतूनच आवाज यायचा, पोरांचं गाणं हाय.

दरम्यान आमची कारकीर्द जोरात होती, म्हणजे दोन कार्यक्रम झाले. पहिला चाकूरला, एका नवरदेवाच्या मिरवणुकीत. मिनिटाला पावणेदोनशे ठोक्यांचं संगीत घोड्यासाठी नसतं, हे आम्हाला तिथे कळलं. घोडा आधी बावरला, मग त्याला ताल सापडला, आणि तो नवरदेवाला घेऊन बेसच्या नव्हे, ड्रमच्या गतीनं निघाला. वऱ्हाडी मागे धावले. नवरदेव मांडवात पोचला तेव्हा मुलीकडच्यांच्या सतरंज्या अजून गुंडाळलेल्या होत्या. आम्हाला सगळ्यांच्या आधी जेवायला वाढलं आणि लगेच निघा म्हणून सांगितलं.

दुसरा कार्यक्रम एका क्लासच्या तळघरातल्या हॉलमध्ये, निरोप समारंभाला. पोरं दोन वर्षं ओळीत बसून इतकी तयार झाली होती की गाणं सुरू झाल्यावरही ती ओळीतच बसून राहिली. काहींनी वह्या काढल्या. गाणं संपल्यावर सरांनी सवयीनं विचारलं, काही डाउट? पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर करून विचारलं की हे सिलॅबसमध्ये आहे का. जोडीदार म्हणाला, या लोकांना नाचता येत नाही. मला वाटलं, नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण वाजवणाऱ्यालाही लागू पडत असावी, पण मी गप्प बसलो. कलावंताच्या नादी लागू नये, तो रुसला की जेवत नाही.

आमची एकच चाहती तयार झाली, तीही आमच्या लक्षात न येता. काकू आधी नुसत्या अंगणातून ऐकायच्या. मग कोठीला पोचा पडला का बघायला उंबऱ्यापर्यंत आल्या. मग एक पाय आत. मग एक दिवस बेस चालू असताना सरळ आत येऊन कोठीला पाठ लावून बसल्या, तूर निवडत. मी जोडीदाराकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. गाणं संपल्याबरोबर त्या सूप उचलून तडक अंगणात गेल्या.

हे रोजचंच झालं. बेस असेतो आत, बेस थांबला की बाहेर. मी एकदा विचारलं, काकू, हे काय? त्या म्हणाल्या, "वाजत असलं म्हंजे जे हालतंय ते तुमचंच. सांगून आलेल्याचं भ्या वाटत न्हाई. तवा कुणी सांगितलं न्हवतं."

मी जाऊन जोडीदाराला ते सांगितलं. त्यानं त्या दिवसापासून गाणी लांबवायला सुरुवात केली.

त्याच सुमारास काकूंच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं. लेक नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही रीत, आणि काकूंनी डिंक, खारीक, अळीव सगळं आणून ठेवलं होतं. पण नांदेडहून निरोप आला की पत्र्याखाली आम्ही बाळंतीण पाठवणार नाही. काकू म्हणाल्या, घरात ठेवते की. त्यावर विहीणबाईंनी असं उत्तर दिलं की त्यात मलाही खोट काढता येईना. आई स्वतः ज्या छताखाली बसत नाही, त्याखाली आमच्या सुनेला आणि नातवाला कशाला झोपवू? त्या स्वतः बघायला येणार होत्या. काकू दोन दिवस जेवल्या नाहीत. लेक माहेरी आली नाही तर माहेर कशाला म्हणायचं, एवढंच बोलायच्या. त्यांचं स्वतःचं माहेर कुठे गेलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बेत जोडीदारानं आखला, आणि त्याच्या एकूण कारकिर्दीतला तो सगळ्यात चांगला बेत होता. विहीणबाईंना आमच्या खोलीत बसवायचं. आमचा पसारा मागच्या खोलीत. कोठीवर कशिद्याची चादर टाकायची आणि आतून अगदी बारीक बेस सोडायचा, ऐकू न येणारा, फक्त पाठीला कळणारा. काकू त्याच्या जोरावर आत बसतील. विहीणबाईंनी विचारलंच तर शेजारी गिरणी आहे म्हणायचं. गल्लीला आधी कळवून आलो. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, यशस्वी भव.

विहीणबाई दुपारी आल्या. उंबरा ओलांडून आत बसल्या, आणि लाइट गेली.

लोडशेडिंग सकाळचं होतं, ते त्या दिवशी दुपारवर आणलं होतं. कुणाला सांगून नाही, हे वेगळं लिहायला नको. आम्ही मागच्या खोलीत पडद्याआड बंद कम्प्युटरसमोर बसलो होतो. जोडीदाराचा चेहरा बघवत नव्हता. अंगणात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. उंबऱ्याशी त्या थांबल्या. एवढा वेळ थांबल्या की आतून विहीणबाईंनी विचारलं, येता ना आत? मला वाटलं संपलं. पण काकू आत आल्या, ट्रे ठेवला आणि कोठीला पाठ लावून बसल्या. कोठी गप्प होती.

बोलणं सुरू झालं. जोडीदारानं माझा हात दाबला. आमचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच भांडी वाजली.

आधी स्वयंपाकघरातले पेले. मग खिडकी. मग कोठीचा पत्रा खडखडला, पायाखालून काहीतरी सरकत गेल्यासारखं झालं. मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद. कम्प्युटर बंद. आणि पडद्यापलीकडे विहीणबाई खुर्चीवरून उठल्याचा आवाज आला.

"बसा, बसा," काकूंचा आवाज आला, अगदी निवांत. "पोरांचं गाणं हाय ते. लई बेजार करतात. चहा घ्या, निवून जाईल."

विहीणबाई बसल्या. त्यांनी पंख्याकडे बघितलं नाही ही काकूंच्या पूर्वजांची पुण्याई. आम्ही मात्र मागच्या दारानं धूम ठोकली. रस्त्यावर येऊन भूकंप, भूकंप म्हणून ओरडलो. एक माणूस बाहेर येईल तर शपथ. खिडकीतून मास्तर म्हणाले, बास करा की रं, आज एवढा कशाला वाढवलाय? तेवढ्यात सगळं थांबलंही होतं. एक तडा नाही, एक कौल हललं नाही. अख्ख्या गल्लीत आम्ही दोघंच रस्त्यावर, अनवाणी, पुन्हा एकदा सगळ्यात पुढे.

परत आलो तर विहीणबाई निघत होत्या. भाडेकरूंना जरा धाकात ठेवा, त्या म्हणाल्या, पण घर पक्कं आहे. पुढच्या आठवड्यात सुनेला पाठवतो. काकू त्यांना कोपऱ्यावर रिक्षात बसवून आल्या आणि पुन्हा आमच्या खोलीत येऊन तिथेच, कोठीपाशी बसल्या. आम्ही दारात. खरं सांगावं की नाही, हे आमचं डोळ्यांनी चाललं होतं.

"लाइट न्हवती," काकू म्हणाल्या. "मला कळत न्हाई का?"

जोडीदारानं विचारलं, भीती नाही वाटली?

"वाटली की. लई वाटली. पण मी पळाले असते तर त्या बी पळाल्या असत्या. मग लेक कशी आली असती?"

मग पंखा फिरायला लागला.

"आली लाइट," काकू म्हणाल्या. "वाजवा आता. मोठ्यानं वाजवा. म्हंजे मघाचं बी तुमचंच होतं, असं धरून चालते."

मी मागे जाऊन कम्प्युटर सुरू केला. जोडीदार सवयीनं गल्लीत ओरडायला निघाला होता, पण दारातूनच परत फिरला आणि काकूंसमोर बसला. हळूच म्हणाला, काकू, बेस येतोय. त्यांनी मान हलवली. मी आवाज पूर्ण वाढवला. कोठी घुमायला लागली, पेले पडले, आणि कोठीला टेकलेल्या काकू थरथरायला लागल्या, खांदे, हात, हनुवटी, सगळ्या. मला ते बेसमुळे वाटलं, मग त्यांच्या गालांवरचं पाणी दिसलं आणि मी आवाज कमी करायला गेलो. जोडीदारानं मात्र खूण केली की थांबवू नको, चालू ठेव. तो त्यांच्या पुढ्यात बसून राहिला आणि मी तेच गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.