नऊ बिया आणि पोतंभर माती

पडेगावची आमची जागा विकली, तिथे इमारत उभी राहिली आणि आईने लावलेलं सीताफळाचं झाड गेलं. शेवटच्या फळाच्या बिया तिने जपून ठेवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या मी गेल्या वर्षी ताज्या शेणात लावून जाळल्या. उरल्या नऊ. "आता माती आणाया मी येते," असं म्हणून अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई स्कूटरवर बसलीसुद्धा.

पहिला थांबा औरंगपुऱ्यातलं बी-बियाण्यांचं दुकान. दहाच्या आत पोहोचा, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. दुकानदाराने कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या भुशाची दाबलेली वीट दाखवली, साठ रुपये.

"पाणी किती पिते ही?" आईने विचारलं. नळाला आठवड्याने पाणी येतं, तेव्हा प्रश्न रास्तच होता. दुकानदाराने जोशात वीट बादलीत टाकली. बघता बघता ती सगळं पाणी गिळून काठापर्यंत फुगली.

आतून त्याची बायको ओरडली, "अजी, वो पीने का पानी था!"

"पिते लई, पन धरून बी ठेवंल," आई म्हणाली. "हीच बांधून दे. भिजवायचं काम वाचलं."

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पुढे दौलताबादचा रस्ता. वाटेत पडेगावला आमची जुनी जागा आली तेव्हा आईने तिकडे मान वळवली नाही. मला फार वाईट वाटलं.

रोपवाटिकेत शेणखताचा ढीग होता. आईने बांगड्या मागे सारल्या आणि थेट कोपरापर्यंत हात आत घातला. "गरम हाय. कच्चंय."

"आज्जी, उन्हानं तापलंय," मालक म्हणाला.

"ऊन वरून लागतं बाबा. आतून नाय."

तो आम्हाला मागच्या जुन्या ढिगाकडे घेऊन गेला. ते खत गार होतं, भुसभुशीत, वासही पावसाळी रानासारखा. दहा रुपये किलो. पोतंभर माती आणि थोडी वाळूही तिथूनच घेतली.

घरी दोन वाटे माती, एक खत, एक वाळू आणि थोडं कोकोपीट कालवलं. आईची परीक्षा लक्षात ठेवा: मुठीत दाबलं की लाडू व्हावा, बोट लावलं की फुटावा. आमचा लाडू चौथ्या खेपेला पास झाला.

त्यात नऊ बिया लावल्या. सव्वा महिन्याने सहा रोपं उगवली. मी आनंदाने नाचलो आणि मग थबकलो. मातीसाठी एवढी वणवण केली, पण चौथ्या मजल्यावरच्या आमच्याकडे जमीन इंचभरही नाही.

"आई, ही लावायची कुठे?"

"व्हऊ दे मोठी. जागा मागाया मी येते तुझ्यासंगं."

हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरवर फिरतो आणि लोकांच्या अंगणांत डोकावतो.